गॅरेज सल्ला : घट्ट बसलेला ऑइल पंप घरी बदलताना

गेल्या काही आठवड्यांत जुन्या गाड्यांच्या ऑइल पंपाबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली बहुतेक एअर-कूल्ड फोक्सवॅगन बीटलची आहेत, कारण पंप क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या मुख्य कवचात) रुतून बसण्याचा त्रास सगळ्यात जास्त याच इंजिनात होतो. एक पत्र मारुती झेनचं आहे. तिथे पंप घट्ट वाटण्याची कारणं वेगळी असल्यामुळे त्याला शेवटी स्वतंत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : माझी १९६८ ची बीटल आहे, इंजिन १५०० सीसी. ऑइल पंपाचं झाकण काढलं, दोन्ही गिअर हाताने सहज बाहेर आले, पण पंपाची बॉडी जागची हलत नाही. दोन बाजूंनी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा प्रयत्न केला, पण कडेला ओरखडे दिसायला लागले म्हणून थांबलो. ओळखीचे मिस्त्री म्हणतात, इंजिन उतरवून क्रँककेस उघडावी लागेल. खरंच दुसरा मार्ग नाही का? (वाचक, पुणे)

थांबलात ते उत्तम केलंत. क्रँककेस उघडायची गरज नाही, इंजिनही उतरवायला नको.

आधी हा पंप एवढा घट्ट का बसतो ते पाहा. बीटलची क्रँककेस डाव्या-उजव्या अशा दोन अर्ध्या भागांची असते आणि ऑइल पंप बरोबर त्या जोडावर बसतो. सुमारे ७० मिमी व्यासाचं ते भोक अर्धं एका भागात, अर्धं दुसऱ्या भागात. दोन्ही भाग नट-बोल्टने आवळले की ते पंपाला दोन्हीकडून दाबून धरतात. त्यात आधी कुणी गॅस्केटला सढळ हाताने सीलंट लावलं असेल, तर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते वाळून डिंकासारखं चिकटतं. म्हणजे पंप दोन गोष्टींनी अडकला आहे : केसच्या दाबाने आणि वाळलेल्या सीलंटने. दोन्ही आधी सैल करायच्या, मग ओढायचं. क्रम उलटा झाला की काहीतरी तुटतं.

तुम्ही झाकणापर्यंत पोचलाच आहात, म्हणजे फॅन बेल्ट, ३० मिमीच्या बोल्टची क्रँक पुली आणि तिच्यामागचा पत्रा निघालेला असणार. ऑइलही काढलेलं असेल, तरी खाली ट्रे राहू द्या. बॉडी सुटली की गॅलरीतलं (केसमधल्या ऑइलच्या वाटांतलं) उरलेलं ऑइल तिथूनच गळतं.

आता पंपाच्या वर आणि खाली केसच्या जोडावर जे ८ मिमी स्टडचे (केसमध्ये पक्क्या बसवलेल्या आट्यांच्या दांड्यांचे) नट दिसतात (१३ चा पाना लागतो), त्यातले पंपाला सगळ्यात जवळचे दोन-तीन अर्धा ते एक फेरा सैल करा. त्याहून जास्त नको. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगना आवळून धरणारे १२ मिमीचे सहा मोठे स्टड असतात, त्यांच्या नटांना हातही लावू नका. ते हलले तर मेन बेअरिंगची पकड बिघडते आणि तेव्हा मात्र इंजिन उतरवावंच लागतं. ८ मिमीचे नट सैल केल्याने जोडातलं जुनं सीलंट कुठेतरी तडकून नंतर थोडं ऑइल झिरपण्याची शक्यता असते, हे आधीच लक्षात ठेवा. पंपाचं भोक ओरबाडण्यापेक्षा हा धोका पुष्कळ कमी आहे.

मग सीलंट. बॉडीच्या कडेभोवती कार्बोरेटर क्लीनर किंवा गंज सुटण्याचा स्प्रे मारा आणि रात्रभर तसंच सोडा. सकाळी लाकडी ठोकळा बॉडीच्या कडेला टेकवून हलके टोले द्या, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा खालून. बॉडी चार स्टडमध्ये ओवलेली असते, त्यामुळे ती फिरणार नाही. पण या टोल्यांनी चिकटलेलं सीलंट सुटतं आणि आवाज बदलतो. आधी भरीव टक-टक येते, बॉडी सुटली की तीच जरा पोकळ वाजते.

ओढण्यासाठी बॉडीच्या आतून पकडणारा पुलर हवा. बेअरिंग आतून धरून काढायचा पुलर सरकत्या हातोड्याला लावलेला असतो, तो गॅरेजच्या हत्यारांच्या दुकानात मिळतो किंवा लेथवाल्याकडून भाड्याने मिळू शकतो. त्याच्या नख्या गिअरच्या पोकळीत घालून ऑइल आत-बाहेर जाण्याच्या खाचांच्या मागे अडकवा. पोकळीची गुळगुळीत भिंत पकडू नका, तिथून नख्या घसरतात. छोटे, सरळ रेषेतले झटके द्या. दोन मिलिमीटर बाहेर आली की थांबून चारही बाजूंना बाहेर आलेलं अंतर बघा. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे असेल तर तिरपी ओढली जाते आहे. जास्त बाहेर आलेल्या बाजूला लाकडी टोला देऊन सरळ करा, मग पुढे ओढा. तिरपा पंप जोराने ओढला तर तो मॅग्नेशियमच्या भोकावर पन्हळ पाडतो. त्या पन्हळीतून पंप हवा खेचतो किंवा दाबाचं ऑइल तिथून मागे निसटतं.

स्क्रू ड्रायव्हरचे जे ओरखडे पडलेत ते नखाला लागतात का पाहा. नख अडकत नसेल तर गॅस्केट ते झाकून घेईल. अडकत असेल तर उठलेली कड तेवढी बारीक ऑइल स्टोनने सपाट करा. कानस लावू नका.

प्रश्न : नवीन पंप आणला, पण तो आत जातच नाही. तोंडाशीच अडकतो. मित्र म्हणतो केस गॅसच्या ज्योतीने तापव आणि पंप हातोडीने ठोकून बसव. करू का? (वाचक, कोल्हापूर)

ज्योत अजिबात नको. केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे, आजूबाजूला ऑइल आहे आणि पेट्रोल पंपही त्याच इंजिनावर हाताच्या अंतरावर बसलेला आहे. मॅग्नेशियमचा भुगा किंवा पातळ कड पेटली तर पाण्याने विझत नाही, उलट भडकते. ठोकून बसवण्याचंही तेच. बॉडीची कड चेपली तर आतले गिअर अडकतात.

थंड-गरमचा उपाय मात्र योग्य आहे, तो सावकाश करायचा. पंपाची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे. गिअर काढून नुसती बॉडी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. फ्रीझर उणे १८ अंशांवर आणि खोलीत ३० अंश धरले तर ७० मिमीची अ‍ॅल्युमिनियमची वस्तू व्यासात सुमारे ०.०७ ते ०.०८ मिमी आकसते. केसचा तेवढा भाग हॉट एअर गनने ७० अंशांपर्यंत तापवला तर भोक जवळपास तेवढंच मोठं होतं. दोन्ही मिळून साधारण ०.१५ मिमी जागा मिळते आणि घट्ट बसणाऱ्या पंपासाठी ती पुरते. केस किती तापली ते हाताने ठरवू नका, स्वस्तातला इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा.

त्याआधी दोन गोष्टी तपासायच्या. भोकाच्या तोंडाशी जुन्या पुलरने किंवा स्क्रू ड्रायव्हरने कड उठलेली असते, ती बोटाला जाणवते. ती ऑइल स्टोनने उतरवा आणि भुगा ओल्या फडक्याने टिपून घ्या, आत जाऊ देऊ नका. दुसरं म्हणजे नवीन पंपाच्या बाहेरच्या कडांना मशीनच्या धारा राहिलेल्या असतात. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने त्या बोथट करा. फक्त धार मारायची, व्यास कमी करायचा नाही. पंप अडकण्याचं कारण बरेचदा एवढंच असतं.

बसवताना सगळं हाताशी मांडून ठेवा, कारण वेळ अर्धा-पाऊण मिनिटच मिळतो. गॅस्केट स्टडवर आधीच चढवलेलं असू द्या. फ्रीझरमधून काढलेल्या बॉडीवर दव धरतं, ते कोरड्या फडक्याने पुसा, वर इंजिन ऑइलचा पातळ हात फिरवा आणि स्टडवरून सरळ आत सारा. शेवटचे काही मिलिमीटर लाकडी ठोकळ्याने आळीपाळीने चार कोपऱ्यांवर हलके ठोकून बसवा. मध्येच अडकला तर जोर करू नका. बाहेर काढा आणि पुन्हा फ्रीझरमध्ये टाका.

बसवताना कोणती बाजू वर हेही पाहा. बॉडीच्या मागच्या बाजूची ऑइलची भोकं केसमधल्या भोकांसमोर आली पाहिजेत. गॅस्केटची भोकंही त्यांच्याशी जुळवून घ्या, कारण उलटं बसलेलं गॅस्केट एखादा मार्ग अर्धा झाकून टाकतं.

प्रश्न : पंप बसवला, गिअर घातले तेव्हा ते छान फिरत होते. सैल केलेले केसचे नट आवळल्यावर गिअर जड झाले. चालेल का? काही दिवसांनी मोकळे होतील असं वाटतं. (वाचक, नाशिक)

नाही, मोकळे होणार नाहीत. हे फार महत्त्वाचं आहे आणि फार जण इथेच चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

केसचे दोन भाग आवळले जातात तसे ते पंपाच्या बॉडीला चेपतात. बॉडी पातळ भिंतीची आहे, ती किंचित लंबगोल होते आणि गिअरचे दात पोकळीच्या भिंतीला घासायला लागतात. इंजिन चालू केलं की घासलेलं अ‍ॅल्युमिनियम ऑइलबरोबर थेट बेअरिंगकडे जातं. बीटलच्या इंजिनात मूळचा फिल्टर नसतो, तळाशी फक्त जाळी असते, आणि तीही पंपाच्या आधी. पंपात तयार झालेला भुगा अडवायला पुढे काहीच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. बॉडी बसवा, ८ मिमीचे नट टॉर्क पान्याने २० न्यूटन-मीटरला (आवळण्याच्या जोराचं माप, सुमारे २ किलोग्रॅम-मीटर) आवळा आणि मगच गिअर घालून फिरवून पाहा. पंपाचा गिअर कॅमशाफ्टला (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) जोडलेला असल्यामुळे तो हाताने फिरणार नाही, त्यासाठी शाफ्टची जीभ कॅमच्या खाचेबाहेर राहील एवढा गिअर किंचित बाहेर धरून चिमटीत फिरवा. जड असेल तर पोकळीत निळा मार्कर फासून पुन्हा फिरवा. रंग जिथे निघाला तिथे गिअर घासतो आहे. बॉडी बाहेर काढा आणि केसच्या भोकाला बॉडीचा जो भाग टेकतो, तिथे बाहेरून ६०० नंबरच्या पेपरने अगदी थोडं उतरवा. पुन्हा बसवा, पुन्हा तपासा. कंटाळवाणं काम आहे, दोन-तीनदा करावं लागतं, पण पोकळीच्या आत पेपर घासण्यापेक्षा हेच बरोबर. आत घासलं तर गिअर आणि भिंत यांतली फट वाढते आणि दाब कायमचा जातो.

झाकण लावण्याआधी गिअरच्या तोंडांवर सरळ पट्टी ठेवा आणि पट्टी व गिअर यांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजा. गॅस्केट न लावता ही फट ०.१ मिमीपेक्षा जास्त नको. झाकणाच्या आतल्या बाजूला गिअरनी गोल चरे पाडले असतील तर झाकण बदला. ते मिळत नसेल तर काचेवर ४०० नंबरचा पेपर चिकटवून, ऑइल लावून, चरे जाईपर्यंत आठच्या आकारात घासा. झाकणाखालचं गॅस्केट किटमध्ये येतं तेवढंच पातळ हवं. जाड कागद कापून लावला की फट वाढते आणि नवा पंपही जुन्यासारखा वागतो.

जीभ कॅमच्या खाचेत बसली की झाकणाचे नट बोटाने लावा, क्रँक दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा आणि मग आवळा. सैल बसणारा पंप या फेऱ्यांत स्वतःहून कॅमच्या रेषेत येतो. तुमचा घट्ट आहे, तो सरकणार नाही. त्यामुळे फेरे मारताना एका ठरावीक जागी जड लागतं का ते बघा. लागत असेल तर बॉडी तिरपी बसली आहे, काढून पुन्हा बसवा. नट ६ मिमी स्टडचे असतील तर १० न्यूटन-मीटर, ८ मिमीचे असतील तर २०. साधारण १९७० पर्यंतच्या केसला ६ मिमीचे आणि त्यानंतरच्यांना ८ मिमीचे स्टड असतात. आपल्याकडच्या बऱ्याच बीटलमध्ये इंजिन बदललेलं असतं, म्हणून गाडीच्या सालावर न जाता स्टड मोजा.

प्रश्न : बीटलसाठी कोणता पंप घ्यावा? दुकानदार ३० मिमी गिअरचा मोठा पंप सुचवतात. उन्हाळ्यात ऑइल फार तापतं म्हणून घ्यावा असं वाटतं. (वाचक, नागपूर)

आधी गिअरचं माप नाही, कॅमशाफ्ट बघा. जुना पंप निघाला की भोकातून टॉर्चने आत पाहा. कॅमच्या गिअरला तीन रिव्हेट असतील आणि गिअर सपाट असेल तर तो जुन्या पद्धतीचा. चार रिव्हेट आणि बशीसारखा आत दबलेला असेल तर तो साधारण १९७१ पासूनचा. दोन्हींचे पंप वेगळे असतात. चुकीचा पंप एक तर पूर्ण आत बसत नाही किंवा त्याची जीभ खाचेत पुरेशी अडकत नाही आणि काही हजार किलोमीटरमध्ये कुरतडली जाते. बसवण्याआधी पंपाची मागची बाजू रिव्हेटच्या डोक्यांना लागत नाही ना, हेही क्रँक फिरवून पाहून घ्या. पंप "आत जात नाही" अशी तक्रार करणाऱ्या काही पत्रांमध्ये खरं दुखणं हेच आहे.

गिअरच्या मापाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. साध्या, मूळ अवस्थेतल्या इंजिनाला २६ मिमीचा पंप पुरे. ३० मिमीचा पंप थंड, घट्ट ऑइलवर एवढा दाब करतो की ऑइल कूलरच्या सीलना आणि कूलरलाच धोका होतो. ऑइल तापण्याचा त्रास मोठ्या पंपाने जात नाही. त्यासाठी कूलरवरची धूळ, फॅनभोवतीचे गायब पत्रे, इंजिनाभोवतीचं फाटलेलं रबर हे बघावं लागतं. नागपूरच्या मे महिन्यात २०डब्ल्यू-५० किंवा सरळ एसएई ४० ऑइल घाला. प्रमाण २.५ लीटर, जाळीसकट. डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर जाऊ नका.

प्रश्न : पंप बदलला, सगळं मापात केलं, तरी ऑइलचा लाल दिवा विझत नाही. नवीन पंप खराब निघाला का? (वाचक, ठाणे)

इंजिन चालू ठेवून वाट बघत असाल तर आधी बंद करा.

नवा पंप कोरडा असला तर तो ऑइल खेचत नाही, नुसती हवा फिरवतो. बसवताना गिअरच्या दातांमध्ये पेट्रोलियम जेली, म्हणजे साधं व्हॅसलीन, दाबून भरायचं असतं. ते गरम ऑइलमध्ये विरघळून जातं. ग्रीस भरू नका, ते विरघळत नाही आणि बारीक वाटा बुजवतं. हे राहिलं असेल तर झाकण पुन्हा उघडा आणि भरा. मग चारही स्पार्क प्लग काढा, कॉइलची वायर सोडा आणि स्टार्टर १०-१५ सेकंद फिरवा, मध्ये मिनिटभर थांबा, पुन्हा फिरवा. प्लग नसल्यामुळे बेअरिंगवर भार येत नाही. दिवा असाच विझायला हवा. तोपर्यंत इंजिन चालू करायचं नाही.

एवढं करूनही दिवा राहिला तर प्रेशर स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा. स्विच डिस्ट्रिब्युटरजवळ केसमध्ये बसवलेला असतो. दिव्याचा स्विच ०.१५ ते ०.४५ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) दरम्यान बदलतो, म्हणजे दिवा विझणं हा दाब चांगला असल्याचा पुरावा नाही आणि दिवा लागणं हा पंप खराब असल्याचाही नाही. इंजिन गरम असताना, ऑइल ७० अंशांच्या आसपास, मिनिटाला २५०० फेऱ्यांवर सुमारे ३ किलो दाब मिळाला तर उत्तम. २ किलोच्या खाली असेल तर शोध घ्यायचा.

शोधताना सुरुवात खालच्या रिलीफ व्हॉल्व्हपासून (जास्तीचा दाब सोडून देणाऱ्या झडपेपासून) करा. पंपाजवळ केसच्या तळाला मोठ्या खाचेचा स्क्रू प्लग दिसतो, त्याच्या आत स्प्रिंग आणि दट्ट्या असतो. दट्ट्या कचऱ्याने उघडा अडकला असेल तर पंपाने दिलेलं ऑइल तिथूनच संपमध्ये (तळाच्या ऑइलच्या साठ्यात) परत जातं. तो आपोआप खाली येत नसेल तर १० मिमीचा टॅप त्याच्या पोकळीत हलकेच अडकवून ओढा. त्याच्या अंगावर ओरखडे असतील तर नवा घाला, भोक घासू नका. नंतर तळाची जाळी काढा. जाळीचं गॅस्केट जाळीच्या दोन्ही बाजूंना लागतं आणि सहा छोट्या नटांना फक्त ७ न्यूटन-मीटर पुरतात. ते जास्त आवळले की पत्रा वाकतो आणि गळती सुरू होते, मग लोक आणखी आवळतात.

हे सगळं ठीक असून गरम इंजिनाचा दाब कमीच राहिला, तर मेन किंवा कॅम बेअरिंग झिजलेले आहेत. पंप ऑइल पुरवतो, दाब बेअरिंगमधल्या बारीक फटीमुळे टिकतो. फट वाढलेली असेल तर कोणताही नवा पंप ती भरून काढू शकत नाही. खरं तर दाब आधी मोजून मगच पंप मागवावा, म्हणजे नाहक खर्च टळतो.

प्रश्न : झेनच्या (कार्बोरेटर) ऑइल पंपाजवळून गळती आहे म्हणून पंप काढायला घेतला. सगळे बोल्ट काढले तरी तो इंजिनाला चिकटून आहे. बीटलसारखा गरम करावा का? (वाचक, सांगली)

गरम करू नका. झेन किंवा एस्टीमच्या जी-सीरीज इंजिनात पंप भोकात दाबून बसलेला नसतो. तो क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर चढवलेला असतो आणि ब्लॉकला चपट्या गॅस्केटवर बोल्टने धरलेला असतो. तो न निघण्याची कारणं तीन : राहिलेला बोल्ट, दोन डॉवेल पिना (पंप नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्या) आणि चिकटलेलं गॅस्केट.

बहुधा पहिलंच असेल. संप खाली उतरवल्याशिवाय हा पंप निघत नाही, कारण संपच्या पुढच्या कडेचे बोल्ट पंपाच्या खालच्या तोंडात जातात आणि स्ट्रेनरचा (संपमधलं ऑइल गाळून घेणाऱ्या जाळीचा) पाइपही आड येतो. संप उतरवायला एक्झॉस्टचा पुढचा पाइप आणि क्लच हाउसिंगचा खालचा पत्रा काढावा लागतो. हे झालं असेल तर काढलेले बोल्ट मोजा आणि पंपाच्या कडेने बोट फिरवून एकेक भोक रिकामं आहे का पाहा. बोल्ट दोन लांबींचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी टोचून ठेवा. लांब बोल्ट छोट्या भोकात घातला तर तळाला टेकतो, पानाला घट्ट लागतो, पण पंप दाबला जात नाही. त्यातून हमखास गळती होते.

सगळे बोल्ट निघालेले असतील तर पंपाच्या कडेला लाकडी ठोकळ्याने आळीपाळीने वर-खाली टोले द्या आणि पिनांवरून समान बाहेर सरकवा. क्रँकवर पुलर लावून ओढू नका, पंपाची अ‍ॅल्युमिनियमची कड तडकते.

पंप हातात आला की नवा घेण्याआधी मोजा. पाठीमागचं चपटं झाकण काढून बाहेरचा रोटर (पंपात फिरणारं चाक) आणि बॉडी यांमधली फट ०.३१० मिमीपेक्षा जास्त आणि रोटरवर सरळ पट्टी ठेवून मोजलेली बाजूची फट ०.१५ मिमीपेक्षा जास्त असेल तरच पंप बाद. नसेल तर फक्त पुढचं क्रँक सील बदला. गळतीचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

परत बसवताना सील उलटण्याचा धोका मोठा. क्रँकच्या टोकाची धार सीलच्या ओठाला लागते आणि ओठ आत दुमडतो. पंप बसलेला दिसतो, पण पहिल्याच फेरीत ऑइल टायमिंग बेल्टवर येतं. कंपनीचं गाइड नसेल तर पातळ, गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी क्रँकच्या टोकाभोवती गुंडाळून, वर ऑइल लावून त्यावरून पंप सरकवा आणि पट्टी ओढून घ्या. मग टॉर्चने ओठ पूर्ण फेरीभर बघा. आतल्या रोटरचे दोन सपाट भाग क्रँकच्या सपाट भागांशी आधीच जुळवून ठेवा. न जुळलेला पंप बोल्टने आत ओढला तर रोटर फुटतो.

पंपाचे बोल्ट ११ न्यूटन-मीटर. गॅस्केटची कड खाली संपच्या तोंडावर बाहेर आली असेल तर ती धारदार ब्लेडने ब्लॉकच्या पातळीत कापा, नाहीतर संपचा जोड तिथेच गळतो. स्ट्रेनरचं ओ-रिंग नवं घाला. जुनं कडक झालेलं रिंग हवा खेचतं आणि दिवा लुकलुकतो. संपला सिलिकॉनची सलग, बारीक धार पुरते. जाड थर लावला तर तो आत पिळला जातो, तुटतो आणि स्ट्रेनरच्या जाळीवर जाऊन बसतो.

क्रँकच्या टायमिंग पुलीचा मधला बोल्ट अंदाजाने आवळू नका. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा बघा आणि टॉर्क पानाच वापरा, भाड्याने आणावा लागला तरी. हा बोल्ट सैल राहिला तर पुली आणि चावी (पुलीला क्रँकवर अडकवणारी लहान पाचर) हळूहळू खेळायला लागतात, चावीची खाच रुंदावते आणि टायमिंग सरकतं. तेव्हा गाडी सुरू होताना खोकते, लोक कार्बोरेटर उघडतात, आणि दोष मात्र क्रँकच्या टोकात असतो.